व्हिसा २०३३ पर्यंतचा, मुक्काम मात्र सहा महिन्यांचा

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वय ६३, निवृत्त शिक्षिका. यजमान ६७ वर्षांचे, राज्य सरकारचे पेन्शनर. मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात. मुलीला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आम्हा दोघांचाही अमेरिकेचा व्हिसा २०३३ पर्यंत आहे. डोहाळजेवणाला पोचावं म्हणून १० ऑक्टोबरला निघायचं आणि बाळ पाळणाघरात जायला लागेपर्यंत, म्हणजे १० जुलैपर्यंत राहायचं, असं घाटतंय. जावई म्हणतात, सहा महिने होत आले की एक्स्टेन्शन टाकू, सगळेच टाकतात. त्यांच्या मित्राचं म्हणणं, त्यापेक्षा चार दिवस कॅनडाला जाऊन या, नवे सहा महिने मिळतात. यजमानांचा पासपोर्ट येत्या फेब्रुवारीत संपतोय आणि व्हिसा त्यातच आहे. विहीणबाईंचा व्हिसा गेल्या वर्षी मार्चमध्ये संपला. त्यांना ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा, चालेल का? आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी २०३३ हा आकडा डोक्यातून काढा. व्हिसावरची तारीख म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन कडी वाजवायची मुदत. आत किती दिवस राहायचं ते दारातला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत चढते. बी-२, म्हणजे तुमच्यासारख्या पाहुण्यांच्या व्हिसावर, ही मुदत साधारण सहा महिन्यांची मिळते. १० ऑक्टोबरला उतरलात तर ९ एप्रिल. तुमच्या बेतातले उरलेले तीन महिने आज कुणाच्याच हातात नाहीत, जावयांच्याही नाहीत.

ही नोंद आता कागदावर मिळत नाही आणि बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. म्हणून घरी पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या, आय-९४च्या संकेतस्थळावर दोघांचं पान उघडा, ‘ॲडमिट अनटिल डेट’ वाचा आणि छापून फ्रिजवर लावा. दोघांच्या तारखा सारख्याच असतील असं गृहीत धरू नका. नोंद सापडत नसेल तर जुन्या पासपोर्टचा नंबर घालून बघा, नाव-आडनाव उलटसुलट करून बघा. पासपोर्ट नवा पण व्हिसा जुन्या पासपोर्टात असणाऱ्यांचं हमखास इथेच अडतं. तारीखच चुकीची पडली असेल तर विमानतळाजवळच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात ती दुरुस्त होते. हे पहिल्या आठवड्यात करायचं काम आहे, पाचव्या महिन्यातलं नव्हे.

आता यजमानांचा पासपोर्ट. पासपोर्ट संपायच्या तारखेपुढची मुदत अधिकारी बहुधा देत नाही. आज आहे तोच पासपोर्ट घेऊन गेले तर त्यांचा आय-९४ फेब्रुवारीतच संपवला जाण्याची दाट शक्यता आहे. तुम्हाला एप्रिल आणि त्यांना फेब्रुवारी, तेही बाळ जेमतेम महिन्याचं असताना. तेव्हा नूतनीकरण पुण्यातच करून घ्या. पासपोर्ट संपायला वर्ष उरलं की अर्ज करता येतो. ३६ पानांचं साधं शुल्क १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २०००. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पहिल्याच खिडकीवर सांगा की जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा आहे. ते जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. व्हिसाचं पान फाटलेलं, डागळलेलं नसलं की तो व्हिसा चालतो. नवा काढावा लागत नाही. मात्र प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ हवेत आणि तिकीट नव्या पासपोर्टवर. नव्या पासपोर्टात नावाचं स्पेलिंग किंवा क्रम ‘सुधारून’ घ्यायचा मोह टाळा. व्हिसावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असलं की दर फेरीला खुलासे द्यावे लागतात.

जावई म्हणतात ते एक्स्टेन्शन खरंच असतं. फॉर्म आय-५३९. ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, कागदावर ४७०. पूर्वी बोटांच्या ठशांचे वेगळे पैसे पडत, ते आता नाहीत. नवरा-बायको एकाच अर्जात येतात: मुख्य अर्जदार एक, दुसऱ्यासाठी आय-५३९ए, आणि शुल्क एकदाच. कागदी अर्जासोबत चेक पाठवायची पद्धत २८ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. कार्डाने किंवा थेट अमेरिकेतल्या बँक खात्यातून भरावे लागतात. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात. अर्ज आय-९४ संपायच्या आत पोचायलाच हवा, आणि अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची स्वतःची शिफारस निदान ४५ दिवस आधीची आहे. तुमच्या हिशोबात २३ फेब्रुवारी. पण उत्साहाच्या भरात डिसेंबरमध्येच टाकला तर तोही अंगाशी येतो. विमानतळावर ‘सहा महिने’ सांगून आलात आणि दोन महिन्यांत मुदत मागितलीत, म्हणजे आधीच ठरवून आला होतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. आणि तुमच्या बाबतीत तो अर्थ खराच आहे, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय.

अर्जासोबत काय लागतं? राहायचं कारण सांगणारं एक पानभर पत्र, आय-९४ची प्रत, पासपोर्टची पानं, परतीच्या नव्या तारखेचं तिकीट, खर्च कोण करणार त्याचा पुरावा (तुमची बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, मुलगी करणार असेल तर तिची नोकरीची आणि पगाराची कागदपत्रं) आणि पुण्यात तुमचं घरदार आहे हे दाखवणारे कागद: मिळकतकराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शन ऑर्डर. या सगळ्यात कारणाचं पत्र सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच घाईत लिहितात. मुलीच्या प्रकृतीत गुंतागुंत झाली आणि तिच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, किंवा तुमचंच गुडघ्याचं दुखणं उपटलं आणि डॉक्टर विमानप्रवास नको म्हणाले, ही कारणं उभी राहतात. ‘पाळणाघरात जागा नाही म्हणून आजी-आजोबा हवेत’ हे कारण मात्र स्वतःच्या पायावर धोंडा आहे. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि पाळणाघराच्या जागी आजी ठेवली हे वाचणाऱ्याला कामासारखंच दिसतं. खोटं कारण तर चुकूनही देऊ नका. लबाडी सिद्ध झाली तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

अर्ज वेळेत गेला की पावती येते, आय-७९७सी. निकाल लागेपर्यंत आय-९४ उलटून गेला तरी तुमचं राहणं बेकायदा धरत नाहीत. ‘सगळेच टाकतात’ हे म्हणणं इतपत बरोबर आहे. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. निकालाला महिनोन्‌महिने लागतात. पुष्कळदा मागितलेली तारीखच आधी उजाडते. मागितलेली तारीख आली की निकाल असो-नसो, निघायचंच. आणि समजा ९ एप्रिल उलटल्यावर, तुम्ही तिथे असताना, मे महिन्यात नकार आला तर? दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्काम मोजायला सुरुवात होते, म्हणजे सामान आवरून दोन-चार दिवसांत निघावं लागतं. शिवाय आय-९४ उलटून राहिल्यामुळे तुमचा तो २०३३ पर्यंतचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द धरला जातो. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा मुंबई, पुन्हा मुलाखत, आणि त्या मुलाखतीत ‘मागच्या वेळी मुदत का नाकारली?’ हा प्रश्न. तीन महिन्यांसाठी सात वर्षांचा व्हिसा पणाला लावायचा का, हा खरा हिशोब आहे. (अर्ज न करताच राहणाऱ्यांचं तर विचारू नका. बेकायदा मुक्काम १८० दिवसांवर गेला तर परत गेल्यावर तीन वर्षं, एक वर्ष झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी.)

नऊ महिन्यांच्या बेताला आणखी एक काटा आहे, तो आयकराचा. अमेरिकेचं कर खातं दिवस मोजतं: चालू वर्षातले सगळे, गेल्या वर्षातले एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षातले एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की तुम्ही करापुरते तिथले रहिवासी. पाहुण्याच्या व्हिसावरचे दिवसही यात धरतात. १० ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर ८३ दिवस होतात आणि १ जानेवारी ते १० जुलै १९१. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे दिवस एकटेच पुरेसे आहेत. मग पेन्शन, पुण्यातल्या मुदतठेवींचं व्याज, सगळं तिथल्या विवरणात दाखवायचा प्रश्न उभा राहतो. भारत-अमेरिका करारातून वाट निघते, पण ती काढायला सीपीए, म्हणजे तिथला सीए, लागतो आणि तो फुकट काम करत नाही. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिलात तर बेरीज थोडी वर गेली तरी फॉर्म ८८४० भरून ‘आमचं खरं घर पुण्यात’ असं सांगता येतं.

कॅनडाची युक्ती जुनी आहे आणि निकामी आहे. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत आलं तर बहुधा जुनाच आय-९४ चालू राहतो, तारीख पुढे सरकत नाही. नवा मागितलात तर अधिकारी विचारणारच की पाच महिने राहून पुन्हा सहा कशाला, आणि तिथूनच परत पाठवायचाही त्याला अधिकार आहे. वर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. नायगारा अमेरिकेच्या बाजूनेही दिसतो.

मग करायचं काय? आमचं मत सरळ आहे: मुदत वाढवू नका, निघायची तारीख पुढे ढकला.

तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली असेल तर डिसेंबरच्या शेवटापासून केव्हाही बाळंतपण होऊ शकतं. म्हणून ताई, तुम्ही २० डिसेंबरच्या सुमारास पोचा. आय-९४ साधारण १९ जूनपर्यंत मिळेल. यजमानांनी तुमच्याबरोबर न जाता महिन्याने, २० जानेवारीच्या आसपास जावं. त्यांची मुदत १९ जुलैच्या सुमाराची येईल. प्रत्येकाचा आय-९४ स्वतंत्र असतो, त्याचा असा फायदा घेता येतो आणि त्यात गैर काही नाही. पाळणाघराची तारीख १० जुलै धरली तर घरात सतत कुणीतरी मोठं माणूस राहतं. शेवटचे चार आठवडे आजोबा एकटे बाळाला खेळवतील का, हा प्रश्न व्हिसाचा नाही. तो तुम्ही आपसांत मिटवा. विहीणबाईंना मे-जूनमध्ये जमलं तर तोही मिटतो.

राहता राहिलं डोहाळजेवण. त्यासाठी ऑक्टोबरात जाणं म्हणजे सहा महिन्यांतले पहिले अडीच महिने बाळ यायच्या आधीच खर्च करणं. ओटी व्हिडिओवर भरलेली बघा. हिरवी साडी आणि फुलांची वाडी तिथल्या महाराष्ट्र मंडळात सांगितलं तरी मिळते. यात आणखी एक सोय होते: नोव्हेंबर महिना तुम्ही पुण्यात असता, म्हणजे दोघांचेही हयातीचे दाखले बँकेत जाऊन देता येतात. परदेशातून जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, पण अंधूक उजेड, जुना आधारचा फोटो आणि साडेनऊ-साडेदहा तासांचा वेळेचा फरक यात पेन्शन अडकल्यावर पुण्यातला ट्रेझरीचा फोन लावायचा कुणी?

विहीणबाईंना ड्रॉपबॉक्स मिळणार नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून नियम आवळले आहेत. बी-२ व्हिसा संपून १२ महिने व्हायच्या आत अर्ज केला, आधीचा व्हिसा पूर्ण मुदतीचा होता आणि तो मिळाला तेव्हा वय १८ च्या वर होतं, तरच मुलाखतीतून सूट. पूर्वी ७९ च्या वरच्यांना मिळायची ती सरसकट सवलतही गेली. त्यांचा व्हिसा गेल्या मार्चमध्ये संपला, म्हणजे वर्ष केव्हाच उलटलं. तेव्हा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायचा, १८५ डॉलरचं शुल्क भरायचं (पावती ३६५ दिवस चालते), आधी ठसे-फोटोची आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची वेळ घ्यायची. बदल फक्त एकदा फुकट. दुसऱ्यांदा बदलली किंवा चुकवली तर शुल्क पुन्हा. म्हणून घरातलं लग्नकार्य, श्राद्धपक्ष सगळं कॅलेंडरवर बघून मगच तारीख धरा. बीकेसीला सकाळची वेळ मिळाली तर पुण्याहून पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री मुंबईत मुक्काम केलेला बरा. घाटात एक ट्रक आडवा झाला की ते शुल्क गेलंच समजा.

डीएस-१६० एजंटाने भरला तरी ‘सबमिट’ दाबण्याआधी विहीणबाईंनी एकेक ओळ वाचून घ्यावी. चुकीची जबाबदारी एजंटाची नसते. मागच्या फेऱ्यांच्या तारखा, आधी कधी नकार मिळालाय का, अमेरिकेतले जवळचे नातलग, गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती, या रकान्यांत गफलती होतात. फॉर्म पुन्हा भरावा लागला तर नवा बारकोड क्रमांक अपॉइंटमेंटच्या नोंदीतही बदला. जुना राहिला तर दारातूनच परत पाठवतात. मुलाखत मराठीत देता येते. मोडक्या इंग्रजीपेक्षा ती केव्हाही चांगली.

दोघांनीही विमानतळावरच्या प्रश्नांची तयारी करा. तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. ‘कशासाठी?’ मुलीकडे, तिचं बाळंतपण आहे, नातवंड बघायला. ‘किती दिवस?’ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत, हे तिकीट. एवढंच आणि हे खरंच असलं पाहिजे. ‘बाळ सांभाळायला आलोय, मुलगी नोकरीवर जाणार’ असं बोललात तर काही अधिकारी त्याचा अर्थ बिनपगारी आया असा घेतात. लेकीला मदत करणं हा गुन्हा नाही. आयाची नोकरी करायला येणं चालत नाही, आणि तसा बेतही नसावा. फोन तपासायचा अधिकार त्यांना आहे, तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर ‘आई आल्या की डे-केअरचे पैसे वाचतील’ असले विनोद जावयांनी आवरावेत. अबू धाबीवरून जाणारं तिकीट असेल तर ही सगळी अमेरिकन तपासणी तिथेच होते, मुंबईहून निघून चार तासही झाले नसताना. झोपेतून उठून कागद शोधायची वेळ येऊ देऊ नका. डिंकाचे-हळिवाचे लाडू नेणार असालच. खाण्याचं काही आहे का विचारलं की ‘हो’ म्हणा आणि पिशवी दाखवा. लपवलेल्या लाडवावर दंड होतो, दाखवलेला बहुतेक वेळा आत जातो.

परतीचं तिकीट आय-९४ संपायच्या किमान आठवडाभर आधीचं काढा, तारीख बदलता येईल असं. न्यूअर्क किंवा केनेडीवरून रात्रीचं विमान असतं. ते उशिरा सुटून मध्यरात्र उलटली तर शेवटच्या दिवसाचा हिशोब बिघडतो. जूनचं तिकीट शाळांच्या सुट्ट्यांमुळे महाग असतं, म्हणून आताच बघून ठेवा.

विम्यात दोन गोष्टी विचारा. भारतातल्या प्रवास विम्याची एका फेरीची कमाल मुदत बहुधा १८० दिवस असते. तुमचा मुक्काम तेवढाच आहे, म्हणून पॉलिसी विमानाच्या दिवसापासून अचूक घ्या. दुसरं, आधीपासूनचा बीपी-मधुमेह. ‘प्री-एक्झिस्टिंग’ वगळलेलं असेल तर अचानक आलेल्या झटक्याचा खर्च मिळतो का, आणि किती, ते लेखी घ्या. फॉर्मवर आजार लपवला तर दावा तिथेच संपतो. औषधं मूळ पट्ट्यांत न्या, सोबत डॉक्टरांचं पत्र न्या आणि त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत.

दोघांचंही भारतातलं सिम चालू ठेवा आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, सगळं त्याच नंबरवर येतं, आणि सहा महिने रिचार्ज न केलेला नंबर परत मिळवायला पुन्हा पुण्यातच यावं लागतं.

परत आल्यावर बोर्डिंग पास लगेच फेकू नका. महिन्याभराने आय-९४च्या संकेतस्थळावरचा प्रवासाचा इतिहास उघडून तुमचं ‘डिपार्चर’ चढलंय का पाहा. चढलं नसेल तर वेळेत निघाल्याचा पुरावा तोच. आणि नातवाचा पहिला वाढदिवस पुढच्या जानेवारीत आहे म्हणून ऑक्टोबरातच परत निघू नका. किती दिवस मध्ये जावेत असा लेखी नियम नाही, पण जितके महिने तिथे राहिलात निदान तितके पुण्यात काढलेत तर पुढच्या अधिकाऱ्याला विचारायला फार काही उरत नाही. जून-जुलैमध्ये परतलात तर जानेवारीचा वाढदिवस त्यात बसतो.